फेरिक क्लोराइड : गुणधर्म, उपयोग आणि धोके

प्रस्तावना
चेन्नईजवळ मिंजूर (2010) आणि नेम्मेली (2013) येथे समुद्राचे पाणी गोडे करणारी केंद्रे आहेत. सुरुवातीला प्रत्येकाची क्षमता दिवसाला 10 कोटी लिटर होती. अशा केंद्रांत पाणी पटलातून जाण्यापूर्वी त्यातील गाळ काढावा लागतो. त्यासाठी जगभर सर्रास वापरले जाणारे संयुग म्हणजे फेरिक क्लोराइड. त्याचा उपयोग आणि त्याचे धोके एकाच गुणधर्मातून कसे येतात, ते या पाठात पाहू.

गुणधर्म
निर्जल फेरिक क्लोराइड गडद रंगाचे, स्फटिकरूप आणि आर्द्रताशोषक असते. त्याचे रेणुवस्तुमान 162.2 आहे. ते पाण्यात विरघळताना बरीच उष्णता बाहेर पडते. फेरिक आयन लहान असून त्यावर +3 प्रभार असतो. त्यामुळे भोवतालच्या पाण्याच्या रेणूंतून प्रोटॉन सहज सुटतो :

फेरिक क्लोराइड + पाणी ⇌ फेरिक हायड्रॉक्साइड + हायड्रोक्लोरिक आम्ल

यालाच जलापघटन म्हणतात. म्हणूनच याचे संहत द्रावण तीव्र आम्लधर्मी असते.

उपयोग
गढूळ पाण्यातील कलिल कण बहुधा ऋणप्रभारित असतात. हार्डी–शुल्झ नियमानुसार त्रिसंयुजी धन आयन त्यांचे साकळण प्रभावीपणे घडवतो. हायड्रॉक्साइडच्या पुंजक्यांत हे कण अडकून खाली बसतात. तयार झालेले आम्ल पाण्यातील बायकार्बोनेट उदासीन करते. 1 मिलिग्रॅम फेरिक क्लोराइडमागे सुमारे 0.92 मिलिग्रॅम अल्कता (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात) खर्च होते.

धोके
1. द्रावणाने त्वचा भाजते आणि डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.
2. ते पोलादाला, अगदी स्टेनलेस स्टीललाही खाते. म्हणून टाक्या प्लास्टिकच्या किंवा आतून रबर लावलेल्या असतात.
3. सर्वांत गंभीर धोका मिश्रणाचा. जलशुद्धीकरण केंद्रात निर्जंतुकीकरणासाठी सोडियम हायपोक्लोराइटही साठवलेले असते. टँकर चुकीच्या टाकीला जोडला गेला, तर फेरिक क्लोराइडमधील आम्लामुळे हायपोक्लोराइटमधून क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत पसरतो.

दक्षता
प्रयोगशाळेत चष्मा आणि हातमोजे वापरा. निर्जल घनावर पाणी ओतू नका. घनच थोडाथोडा पाण्यात टाका. द्रावण अंगावर किंवा डोळ्यांत गेल्यास किमान 15 मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. ब्लीचिंगची द्रावणे वेगळ्या कपाटात ठेवा.

स्वाध्याय
सोडियम क्लोराइडचे द्रावण उदासीन, तर फेरिक क्लोराइडचे आम्लधर्मी का असते? कारण लिहा.