कलंक, कायदा आणि शब्द : विमुक्त जमातींच्या संदर्भात

एखाद्या समाजाविषयी द्वेष बाळगून केलेला गुन्हा हा सामान्य गुन्ह्याहून वेगळा असतो. त्यात इजा एका व्यक्तीला होते, परंतु प्रहार तिच्या समूहनामावर असतो. अशा गुन्ह्यांना राज्यसंस्थेने दिलेल्या उत्तराचा विचार करताना बहुधा असे गृहीत धरले जाते की, द्वेष समाजात जन्मतो आणि कायदा त्याचे निवारण करतो. भारतातील विमुक्त जमातींचा इतिहास मात्र हा क्रम उलटा असू शकतो असे दाखवितो. येथे कलंक प्रथम कायद्यानेच लावला. तो पुसण्याचे काम पुढे कायद्याकडेच आले आणि ते आजही अपुरे आहे.

१८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारला एखादी संपूर्ण जमात अधिसूचनेद्वारे गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार दिला. तशी अधिसूचना निघाली की तिच्या वैधतेविषयी न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येत नसे. प्रारंभी हा कायदा उत्तर भारतापुरता होता. १९११ साली त्याची व्याप्ती मुंबई व मद्रास इलाख्यांपर्यंत वाढली आणि १९२४ साली त्याचे एकत्रीकरण झाले. नावनोंदणी, हजेरी, परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी आणि तारेच्या कुंपणातील वसाहती ही त्याची साधने होत. सोलापूरची अशी वसाहत 'सेटलमेंट' या नावाने ओळखली जाई. गुन्हा हे कृत्य न राहता जन्मसिद्ध लक्षण ठरले, हा या कायद्याचा मूळ दोष होय.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. येथे भाषेच्या अभ्यासकाने एका शब्दाकडे लक्ष द्यावे. प्रशासनाच्या इंग्रजीत या समाजांसाठी जी संज्ञा रूढ झाली, तिचा अर्थ केवळ 'अधिसूचनेतून वगळलेले' असा होतो. मराठीत आणि हिंदीत त्यासाठी 'विमुक्त' हा शब्द आला. इंग्रजी संज्ञा घडले तेवढेच सांगते, तर भारतीय भाषांतील शब्द न घडलेल्या मुक्तीचे आश्वासन देतो. कारण जुना कायदा जात असतानाच सराईत गुन्हेगारांविषयीचे प्रांतिक कायदे उभे राहत होते. मद्रासचा कायदा १९४८चा, तर मुंबईचा १९५९चा आहे. या कायद्यांचा आधार जन्म नसून व्यक्तीला पूर्वी झालेल्या शिक्षा हा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि ज्या वस्तीवर पोलिसांची नजर पिढ्यान्‌पिढ्या खिळलेली, तेथील माणसाच्या नावावर शिक्षा जमा होणे सोपे असते.

घटनात्मक संरक्षणाची दुसरी वाट १९८९ सालच्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने उघडली. सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा जागी हेतुपुरस्सर केलेला अपमानही त्याने दंडनीय मानला. शब्दाने होणारी हिंसा कायद्याने ओळखली, ही मोठीच गोष्ट होय. परंतु हे संरक्षण अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती यांनाच आहे आणि विमुक्तांपैकी अनेक समाज या सूचींच्या बाहेर राहिले. कैकाडी समाज विदर्भातील बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतो, तर उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातीत. म्हणजे अपमान तोच, समाज तोच, पण जिल्ह्याची सीमा ओलांडली की त्या कायद्याचे छत्र नाहीसे होते. बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगांनी या समाजांच्या स्थितीचा विचार केला. पैकी रेणके आयोगाचा अहवाल २००८ सालचा आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्याच महिन्याच्या १७ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविषयी निर्देश दिले : जिल्हावार जबाबदार पोलीस अधिकारी, जलदगती सुनावणी, भरपाईची योजना, शिवाय संसदेने स्वतंत्र गुन्हा निर्माण करावा अशी शिफारस केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३मध्ये पाच किंवा अधिक व्यक्तींनी वंश, जात, समुदाय, भाषा अशा कारणांवरून संगनमताने केलेल्या खुनासाठी वेगळी तरतूद आहे. मात्र तिथे कारण सिद्ध करावे लागते. अफवेने पेटलेला जमाव 'आम्ही जात पाहिली नाही' असे म्हणू शकतो. परक्या भटक्याविषयीचा संशय हा जातीचाच संचित अनुभव आहे, हे न्यायालयात कोणत्या पुराव्याने दाखवावे?

या प्रश्नापाशी साहित्याचे महत्त्व जाणवते. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली, तर लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि दोहोंना साहित्य अकादमीचे पुरस्कार लाभले. दोन्ही शीर्षके समाजाने हिणवून वापरलेले शब्द आहेत. लेखकांनी ते स्वतः उचलून मुखपृष्ठावर ठेवले. १९९८ साली पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. महाश्वेता देवी यांच्या पुढाकाराने प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी त्यावर नाटक उभे केले आणि पुढे आपल्या नाट्यसंस्थेलाच बुधनचे नाव दिले. बंगालमधील शबर आणि गुजरातमधील छारा यांची भाषा एक नाही. त्यांना जोडणारा दुवा १८७१चा कायदा हाच आहे. भारतीय साहित्याची एकात्मता अशाही मार्गाने घडते, हे तौलनिक अभ्यासाने ध्यानी घ्यावयास हवे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. भटक्या व विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगारांशी जोडणारे उल्लेखही त्यात आले. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे लोटल्यावरही त्याची भाषा कार्यालयीन पुस्तकांत जिवंत होती, असा याचा अर्थ होतो. शिक्षेची तरतूद कृत्याला आवर घालते. कलंकाचे वास्तव्य मात्र नोंदवह्यांत, व्याख्यांत आणि रोजच्या बोलण्यात असते. म्हणून या क्षेत्रातील शासकीय उपायांचे मूल्यमापन करताना किती खटले उभे राहिले याबरोबरच कोणते शब्द दप्तरातून गेले आणि कोणते राहिले, हेही पाहावे लागेल. ते पाहण्याचे काम एकट्या विधिज्ञाचे नाही.