मुक्काम परदेशी, चाकरी स्वदेशी

दिल्लीच्या नैर्ऋत्येस, रिंग रोड आणि आउटर रिंग रोड यांच्या दरम्यान, रामकृष्ण परमहंसांच्या नावाने वसवलेली आर. के. पुरम ही केंद्र सरकारच्या नोकरवर्गाची विस्तीर्ण वसाहत आहे; आणि या वसाहतीच्या पत्त्यावर अशी दोन दप्तरे नांदतात की, त्यांचा एकत्र विचार केल्यावाचून आजच्या एका नव्या जीवनपद्धतीचे स्वरूप पुरते ध्यानात येत नाही. भिकाजी कामा प्लेसमधील हुडको त्रिकूट या इमारतीत दिल्लीचे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय आहे, तर सेक्टर 1 मधील ईस्ट ब्लॉक 8 मध्ये परदेशी नागरिकांची नोंदणी करणारे कार्यालय, म्हणजे ज्याला सर्वजण ‘एफआरआरओ’ म्हणतात ते. एक दप्तर आपल्या माणसांना देशाबाहेर जाण्याची कागदपत्रे देते. दुसरे, येथे दीर्घकाळ राहू इच्छिणाऱ्या परक्यांची नोंद ठेवते.

परदेशी जाऊन राहणाऱ्या माणसाचे वर्ग आजवर ठरलेले होते. विद्यार्थी शिकण्यास जाई, नोकर तिकडच्या मालकाकडे चाकरीस जाई, व्यापारी पेढी घालण्यास जाई. आणि ज्यांच्या नावाने भिकाजी कामा प्लेस ओळखले जाते त्या क्रांतिकारक मादाम कामांसारखी एखादी तेजस्वी व्यक्ती निर्वासित म्हणून राही. 1907 साली स्टुटगार्टच्या परिषदेत त्यांनी फडकवलेला भारताचा ध्वज पुढे पुण्याच्या केसरीवाड्यात येऊन विसावला, परंतु खुद्द मादाम कामांना मुंबईस परतता आले ते 1935 मध्ये, तेही सरकारची अनुज्ञा मिळाल्यावर. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे पासपोर्ट हा सरकारच्या मर्जीचाच विषय होता. सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात 10 एप्रिल 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला, तेव्हा कोठे त्याच वर्षी पासपोर्टाचा कायदा संमत झाला. आज संगणकाच्या पडद्यावर अर्ज भरून पासपोर्ट मिळवणाऱ्या पिढीने हा इतिहास विसरू नये, असे मला मनापासून वाटते.

आता ज्या नव्या वर्गाविषयी लिहावयाचे, तो या जुन्या वर्गांपैकी कशातच बसत नाही. त्याची नोकरी पुण्याच्या किंवा बंगळूरच्या कंपनीत, पगार भारतीय बँकेतील खात्यात, वरिष्ठांशी बोलणे रोज पडद्यावर, आणि मुक्काम मात्र पोर्तुगालच्या लिस्बनला किंवा थायलंडच्या चिआंग मायला. 2020 च्या महामारीत कचेऱ्या ओस पडल्या आणि घरी बसूनही काम होते हे मालकांस उमगले, त्याच वर्षी बार्बाडोसने वर्षभर राहण्याची मुभा देणारा परवाना काढला आणि एस्टोनियाने असा खास व्हिसा सुरू केला. पुढे दुबई, मलेशिया, पोर्तुगाल, स्पेन अशी मालिकाच लागली. या सर्वांमागील हिशेब एकच आहे: आलेल्या माणसाने आपल्या बाजारात पैसा खर्चावा, पण आपल्या माणसाची नोकरी घेऊ नये.

पोर्तुगालचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. 2022 च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेल्या तेथील व्हिसासाठी अर्जदाराचे मासिक उत्पन्न त्या देशातील किमान वेतनाच्या चौपट असावे लागते. 2025 मध्ये ते वेतन 870 युरो होते, म्हणजे दरमहा 3,480 युरो, आपल्या हिशेबाने साडेतीन लाख रुपयांच्या आसपास. शिवाय काम पोर्तुगालबाहेरच्या मालकाचे असल्याचा करारनामा, राहण्याच्या जागेचा पुरावा, आणि अर्जदारावर गुन्हा दाखल नसल्याचा दाखला. हा शेवटचा दाखला, ज्याला व्यवहारात ‘पीसीसी’ (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) म्हणतात, पोलिसांच्या नावाने ओळखला जात असला तरी या कामी तो पासपोर्ट कार्यालय देते. पाचशे रुपये शुल्क भरून, कोणत्या देशासाठी हवा ते नमूद करून, वेळ घेऊन समक्ष जावे लागते, आणि गरज पडल्यास चौकशीचा कागद राहत्या घराच्या ठाण्याकडे जातो. वडिलांच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या, परंतु पासपोर्टावर साताऱ्याचा जुना पत्ता असलेल्या मुलाने आपल्या राहत्या पत्त्याचा पुरावा आधीच हाताशी ठेवावा. या एका कागदापायी परतावे लागण्याची पाळी पुष्कळांवर येते.

तथापि व्हिसा मिळाला म्हणजे सारे झाले, ही समजूत घातक आहे, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू ती दूर करणे हाच आहे. काम तारेवरून क्षणात समुद्रापार जाते, पण ते करणारे शरीर कोणत्या ना कोणत्या सरकारच्या हद्दीत जेवते, झोपते, आजारी पडते. आणि ज्याच्या हद्दीत ते राहते, त्याला त्या मिळकतीवर कर मागण्याचा हक्क पोहोचतो. व्हिसा राहण्याची परवानगी देतो, करातून सूट देत नाही. समजा, एखादी तरुणी 1 ऑक्टोबरला दिल्ली सोडून लिस्बनला गेली आणि तेथे घर घेऊन स्थिरावली. एप्रिल ते सप्टेंबर हे 183 दिवस ती भारतात होती, आणि आपले आर्थिक वर्ष एप्रिलपासून मोजले जात असल्याने 182 दिवसांची मर्यादा ओलांडून त्या संपूर्ण वर्षापुरती ती भारताची करनिवासी ठरली. तिकडे पोर्तुगालात 183 दिवसांहून अधिक राहणे किंवा नेहमीच्या वास्तव्याचे घर असणे, यांपैकी काहीही करनिवासास पुरते. म्हणजे हिवाळ्यातील त्याच पगारावर दोन सरकारांचा दावा. अशा प्रसंगी उभय देशांतील दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार तिच्या मदतीस येतो: कायमचे घर कोठे, जिव्हाळ्याचे संबंध कोठे, नित्याचा वास कोठे, अशा क्रमाने निवाडा होतो. पण हा निवाडा आपोआप होत नाही. तो कागदोपत्री मागावा लागतो, आणि दरम्यान इकडचा मालक मुळातच कर कापून घेत असतो.

थायलंडने 2024 च्या जुलैत काढलेला पाच वर्षांचा व्हिसा पुष्कळांना भुरळ घालतो, कारण तेथे मासिक पगाराची मोठी अट नसून पाच लाख बाथची शिल्लक दाखवावी लागते आणि प्रत्येक प्रवेशागणिक 180 दिवस राहता येते. परंतु एका वर्षात 180 दिवस भरले की तेथील कायद्याने माणूस करनिवासी होतो, आणि 1 जानेवारी 2024 पासून मिळवलेले परदेशी उत्पन्न अशा निवाशाने थायलंडात आणले तर त्यावर कर बसतो. राहण्याची मुदत आणि कराची मुदत एकाच आकड्यावर येऊन ठेपतात, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न आणखी नाजूक आहे. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार 2017 पासून अंमलात आहे. त्यानुसार मालकाने तात्पुरता पाठवलेला कर्मचारी आपल्या निधी संघटनेचा दाखला नेऊन तिकडच्या वर्गणीतून मोकळा राहू शकतो. यातील ‘मालकाने पाठवलेला’ हे शब्द मोलाचे आहेत. स्वेच्छेने गेलेल्या कर्मचाऱ्याला कंपनीने पाठवले असे कसे म्हणावे? म्हणूनच मालकाची लेखी संमती ही पहिली पायरी. ती केवळ कर्मचाऱ्याच्या हिताची नाही. त्याचे परदेशातील राहते घर हेच कंपनीचे तेथील ठाणे आहे, असे तिकडच्या करखात्याने ठरवल्यास नफ्यावरील कराची मागणी कंपनीच्या दारात येऊ शकते. मालकाला न कळवता गुपचूप परदेशातून काम करणाऱ्याने आपल्याबरोबर त्यालाही संकटात लोटलेले असते.

आता ईस्ट ब्लॉकमधील एफआरआरओकडे वळू. सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्या परक्याने सर्वसाधारणपणे आगमनापासून 14 दिवसांत नोंदणी करावी, हा आपल्याकडील जुना नियम; 2018 पासून हे बहुतेक काम घरबसल्या होते. 1920, 1939 आणि 1946 चे इंग्रजी अमदानीतील कायदे, तसेच 2000 सालचा एक, हे रद्द करून 1 सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा अंमलात आला. तरीही परदेशी मालकाचे काम भारतात बसून करणाऱ्यासाठी आपण अद्याप स्वतंत्र वर्ग निर्मिलेला नाही. रोजगाराचा व्हिसा येथील संस्थेच्या नोकरीसाठी आहे, आणि पर्यटकाच्या व्हिसावर पर्यटनच अभिप्रेत आहे.

माझ्या मते ही उणीव आपल्याच तरुणांना बाधते. जपानने 31 मार्च 2024 पासून सहा महिन्यांचा असाच व्हिसा दिला, पण तो ज्यांच्याशी करविषयक करार आणि व्हिसामाफी दोन्ही आहेत अशा देशांच्या नागरिकांनाच. भारतीय त्यात येत नाहीत. अशा वाटाघाटींत बसताना समोर ठेवण्यास आपल्या हाती आपलीही एखादी सवलत असावयास हवी. ती निर्माण होईपर्यंत गोव्यातील मोरजीच्या किनाऱ्यावर किंवा दिल्लीतील सफदरजंगच्या भाड्याच्या खोलीत बर्लिनच्या मालकाचे काम करणारा पाहुणा अर्जात ‘पर्यटन’ असेच लिहीत राहणार, आणि त्याच्या येथील कमाईचा व खर्चाचा हिशेब कोणत्याच रकान्यात बसणार नाही.