जीवन-मार्गदर्शकाकडे जाताना : रुग्णास आपण काय सांगावे?



हिंगणघाट परिसरातील एक मध्यमवयीन गृहस्थ दोन वर्षांपासून आमच्याकडे अम्लपित्त व निद्रानाशासाठी येत असत. अविपत्तिकर चूर्ण, कामदुधा, रात्री अश्वगंधासिद्ध दूध असा उपक्रम चालू होता. उपशय मिळे, आणि महिनाभरात व्याधी पुन्हा मूळपदावर येई. एके दिवशी नाडीपरीक्षण आटोपल्यावर त्यांनी खिशातून घडी केलेले छापील पत्रक काढले. ते नागपुरातील एका 'लाइफ कोच'चे होते. "वैद्यजी, इथं जाऊ काय? हे लोक करतात तरी काय?" असे त्यांनी विचारले, आणि आम्ही निरुत्तर झालो.

निरुत्तर होण्याचे कारण केवळ अज्ञान नव्हते. दोन वर्षे आम्ही त्यांचे अग्निबल पाहिले, मलप्रवृत्ती विचारली, जिव्हा पाहिली. परंतु झोप का येत नाही, हे एकदाही विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले. सोसायटीचे थकीत कर्ज, सलग दोन हंगाम हातचा गेलेला कापूस, भावाशी वाटणीचा वाद, असे एकेक बाहेर येत गेले. हे सारे आम्ही ऐकले, धीर दिला व पुढील तारीख सांगितली. निघताना उंबरठ्याशी थांबून ते सहज स्वरात म्हणाले, "कधी कधी वाटते, सकाळ झालीच नाही तं बरं."

त्या घटनेचे पुढे काय झाले ते लेखाच्या ओघात येईलच. प्रस्तुत लेखाचा हेतू मात्र त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देणे हा आहे. कारण असा प्रश्न आज ना उद्या आपणा प्रत्येकाच्या चिकित्सालयात विचारला जाणार आहे.

जीवन-मार्गदर्शक म्हणजे कोण?

'लाइफ कोच' हा व्यवसाय अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आकारास आला. १९९५ मध्ये त्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. खेळाडूचा प्रशिक्षक स्वतः मैदानात उतरत नाही. तो खेळाडूकडून खेळवून घेतो. त्याच धर्तीवर हा मार्गदर्शक माणसाच्या वतीने निर्णय घेत नाही, तर प्रश्न विचारून त्यालाच निर्णयापर्यंत नेतो.

सामान्यतः पहिल्या भेटीत परिचय व उद्दिष्टनिश्चिती होते. त्यानंतर आठवड्यास किंवा पंधरवड्यास पाऊण ते एक तासाची बैठक, असा क्रम काही महिने चालतो. प्रत्येक बैठकीअखेर एखादे छोटे, मोजता येईल असे काम ठरते आणि पुढील बैठकीत त्याचा हिशेब घेतला जातो. नोकरी बदलावी का, व्यसन कसे सोडावे, वेळेचे नियोजन कसे करावे, असे विषय त्याच्या कक्षेत येतात. रोगनिदान व चिकित्सा येत नाही.

येथे एक गोष्ट रुग्णास स्पष्ट सांगावी. वैद्याची नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. जीवन-मार्गदर्शकासाठी आपल्या देशात अशी वैधानिक नोंदणी नाही. प्रमाणपत्रे खाजगी संस्थांची असतात. म्हणून पारख करण्याचा भार जाणाऱ्यावरच पडतो.

पारख कशी करावी? चरकाचे चतुष्पाद

या पारखीसाठी आपल्यास परकी फूटपट्टी शोधण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ वेळा पाहिलेले कर्म, दाक्ष्य आणि शौच. मार्गदर्शकास हेच चार प्रश्न विचारावेत. शिक्षण कोठे झाले? आजवर कोणत्या प्रकारच्या लोकांबरोबर काम केले? बैठकीची पद्धत व मोजमाप काय? आणि शुल्क, कालावधी, मध्येच थांबल्यास परतावा, हे सर्व लेखी देणार का? चौथा प्रश्न शौचाचा आहे. त्यावर जो चिडतो, त्याच्याकडे जाऊ नये.

विमानस्थानातील रोगभिषग्जितीय अध्यायात शिष्यास दिलेल्या उपदेशात, रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, असा दंडक आहे. मार्गदर्शकाकडूनही हीच अपेक्षा ठेवावी. आपल्या अशिलांच्या कहाण्या नावानिशी सांगून जो स्वतःची जाहिरात करतो, तो उद्या आपलीही कहाणी सांगेल.

खुड्डाकचतुष्पाद अध्यायातच रुग्णाचेही चार गुण आहेत आणि ते आपण बहुधा विसरतो : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. घडले ते आठवणे, ठरले ते करणे, न भिणे आणि आपली अवस्था नीट सांगता येणे. मार्गदर्शकाकडे जाणाऱ्याकडून नेमके हेच अपेक्षित असते. शुल्क भरले म्हणजे आयुष्य दुसरा कोणी सुधारून देईल, ही समजूत घेऊन जाणाऱ्याच्या पदरी निराशाच येते.

पवनारचा दाखला

वर्धा जिल्ह्यास या विषयाचा जिवंत दाखला बाहेरून आणावा लागत नाही. १९३८ साली विनोबांची प्रकृती अतिशय क्षीण झाली होती. वजन अवघे ८८ पौंडांवर आले होते. ही वार्ता सेवाग्रामी गांधीजींच्या कानी गेली. (त्या गावाचे नाव तेव्हा शेगाव होते, सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये पडले.) गांधीजींनी विनोबांना बोलावून घेतले व माझ्याजवळ राहा, मी शुश्रूषा करतो, असे सुचविले. विनोबांनी नम्रपणे पण स्पष्ट सांगितले की, आपल्यामागे कामे अनेक, त्यांत रुग्णसेवा एक आणि रुग्णही अनेक; माझ्या वाट्यास काय येणार? गांधीजी हसले. हवापालटासाठी जावे असा त्यांचा आग्रह राहिला. स्थान मात्र विनोबांनी निवडले : धाम नदीकाठचे पवनार, जेथे जमनालाल बजाजांचा बंगला रिकामा होता. गांधीजींनी संमती दिली, ती एका अटीवर. आश्रमाच्या कामाची सर्व चिंता मागे ठेवून जायचे.

विनोबांनी ती अट अक्षरशः पाळली. धाम ओलांडतानाच त्यांनी मनातल्या मनात सर्व व्याप सोडून दिले. पवनारास त्यांनी शेतात खोदकाम आरंभिले. प्रारंभी अगदी काही मिनिटे, मग हळूहळू वाढवीत. दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांपर्यंत गेले, असे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे.

या प्रसंगात आजच्या विषयाचे सारे मर्म आले आहे. मार्गदर्शकाने आस्था दाखविली व दिशा दिली. मार्ग लादला नाही. मार्गदर्शिताने 'नाही' म्हणण्याचे धैर्य दाखविले, आणि जे ठरले ते निष्ठेने केले. अभीरुत्व व निर्देशकारित्व ते हेच. खोदकामाचा क्रमही आपल्यास ओळखीचा आहे. नवेगान्धारणीय अध्यायात अहिताचा त्याग व हिताचे सेवन चतुर्थांशाने, मध्ये अंतर ठेवून करावे, असा पादांशिक क्रम सांगितला आहे. जो मार्गदर्शक एकवीस दिवसांत संपूर्ण कायापालटाची हमी देतो, त्याने हा क्रम ओळखलेला नाही.

अर्थात गांधी-विनोबांचे नाते शुल्काचे नव्हते आणि प्रत्येकास असा मार्गदर्शक लाभत नाही, याची आम्हास जाणीव आहे. तथापि कसोटी म्हणून हा दाखला पुरेसा आहे.

कोठे थांबावे?

पुढील लक्षणे दिसताच मार्गदर्शकास रामराम ठोकावा, असे रुग्णास सांगावे : चालू औषध बंद करण्याचा सल्ला, स्वतःची उत्पादने विकण्याचा किंवा साखळी-विक्रीत ओढण्याचा प्रयत्न, आणखी महागड्या शिबिराचा सततचा आग्रह, कुटुंबीयांपासून तोडण्याचा कल, आणि सहा महिन्यांनंतरही त्याच्यावाचून निर्णय घेता न येणे. चांगला मार्गदर्शक स्वतःची गरज हळूहळू कमी करीत नेतो.

याहून महत्त्वाची मर्यादा आपल्यासाठी आहे. तिस्रैषणीय अध्यायात दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीने सत्त्वावजय चिकित्सा येते. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, हे तिचे स्वरूप. परंतु निग्रह करण्याची शक्तीच जेथे व्याधीने हिरावली आहे, तेथे 'मन खंबीर करा' हा उपदेश क्रौर्य ठरतो. विषाद खोल गेला असता रुग्णास मार्गदर्शकाकडे धाडणे म्हणजे ज्वर उतरण्यापूर्वीच व्यायाम सांगणे होय.

आमच्या त्या रुग्णास आम्ही उंबरठ्यावरून परत बोलावले. समोर बसवून सरळ शब्दांत विचारले, जीव देण्याचे विचार येतात काय? असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरविला जातो, ही भीती निराधार आहे. उलट बोलता आल्याने भार हलका होतो. त्यांनी मान खाली घातली व होकार दिला. घरी फवारणीचे औषध कोठे ठेवलेले असते, तेही विचारले. त्यांच्या संमतीने मुलास फोन केला, तो येईपर्यंत त्यांना एकटे सोडले नाही आणि त्याच दिवशी दोघांना सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातील मानसोपचार विभागात पाठविले. घरातील कीटकनाशक मुलाने त्याच संध्याकाळी हलविले. पत्रकाचा विषय त्या दिवशी बाजूस ठेवला.

२००६ साली केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. या जिल्ह्यात चिकित्सा करणाऱ्याने निद्रानाशाची तक्रार केवळ निद्रानाश म्हणून ऐकणे परवडणारे नाही. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तिचा क्रमांक १४४१६ हा आहे. तो प्रत्येक चिकित्सालयात दर्शनी भागी लावावा.

औषधालयचालकांस दोन शब्द

वैद्यास जे सांगितले जात नाही, ते पुष्कळदा काउंटरवर बोलले जाते. झोपेसाठी वारंवार काहीतरी मागणारा, एकाएकी उधारी चुकती करून निरवानिरवीची भाषा बोलणारा ग्राहक प्रथम आपल्याच नजरेस पडतो. "घरी सगळे ठीक ना?" एवढा प्रश्न पुरे. संशय आल्यास त्याच्या वैद्यास वा कुटुंबीयास कळवावे. त्याचबरोबर, मार्गदर्शकांची पत्रके पारख न करता दुकानात ठेवू नयेत आणि ग्राहक पाठविल्याबद्दल दलाली तर कदापि घेऊ नये.

उपसंहार

मानसोपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांनी ते गृहस्थ पुन्हा आले. झोप सुधारली होती, अम्लपित्ताचा वेगही मंदावला होता. मानसोपचारतज्ज्ञांचे औषध चालूच होते. त्यांनी तेच पत्रक पुन्हा काढले. घड्या पडून ते जीर्ण झाले होते. या वेळी आम्ही निरुत्तर झालो नाही. वरील चार प्रश्न कागदावर लिहून दिले, औषध बंद न करण्याचे बजावले आणि तज्ज्ञांनाही विचारून घ्या, असे सांगितले. पुढील खेपेस ते म्हणाले, फोन करून चारही प्रश्न विचारले; तिसऱ्यापर्यंत उत्तरे मिळाली, चौथ्यास फोन ठेवला गेला. सांगताना ते हसत होते. दोन वर्षांत त्यांना हसताना आम्ही प्रथमच पाहिले.

मग बैठकीचे काय, असे आम्ही विचारले. त्यावर ते म्हणाले, "सध्या तुमीच विचारत जा ना, वैद्यजी." तेव्हापासून त्यांच्या केसपेपरावर अग्नी, कोष्ठ, निद्रा यांच्याखाली आम्ही आणखी एक ओळ वाढविली आहे : 'मनात काय चालले आहे?' आता ती ओळ प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरावर असते.

अस्तु.