यादृच्छिक चकमक (व्हिडिओ गेम)

यादृच्छिक चकमक किंवा रँडम एन्काउंटर ही रोल-प्लेइंग प्रकारच्या व्हिडिओ गेममधील एक रचना आहे. खेळाडूचे पात्र नकाशावरून चालत असताना पूर्वसूचनेशिवाय शत्रू समोर येतो, पडद्यावरील दृश्य बदलते आणि दोन्ही पक्षांनी पाळीपाळीने चाल करावयाची लढाई सुरू होते. १९८० आणि १९९० च्या दशकांतील जपानी रोल-प्लेइंग गेममध्ये ही रचना सर्रास आढळते. तिच्यातून निर्माण होणारा कंटाळा हा या खेळप्रकारावरील नेहमीचा आक्षेप आहे.

उगम

या रचनेचे मूळ फासे टाकून खेळल्या जाणाऱ्या बैठ्या खेळात आहे. १९७४ साली प्रकाशित झालेल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळात भुयारात फिरणाऱ्या मंडळींसाठी ठरावीक काळाने एक फासा टाकला जाई व सहाचे दान पडल्यास भटका राक्षस येई. भुयारात रेंगाळणे धोक्याचे व्हावे, हा त्याचा परिणाम होता. १९८१ च्या विझर्ड्री या संगणकीय खेळाने ही कल्पना उचलली. युजी होरी यांनी रचलेला ड्रॅगन क्वेस्ट (१९८६) आणि त्यानंतरचा फायनल फॅन्टसी (१९८७) यांनी ती जपानमध्ये घरोघरी पोहोचवली. फाशाची जागा संगणकाने निवडलेल्या यादृच्छिक संख्येने घेतली. काही खेळांत प्रत्येक पावलाला स्वतंत्र संभाव्यता असते, तर काहींत पावलागणिक एक अदृश्य आकडा वाढत जाऊन ठरावीक मर्यादा ओलांडताच लढाई होते.

कंटाळ्याचे स्वरूप

विझर्ड्रीमध्ये किरकोळ लढाईलाही मोल होते. प्रत्येक चकमकीत जीवनशक्ती आणि मंत्रशक्ती थोडीथोडी खर्च होई, त्यामुळे आणखी खोल जावे की परत फिरावे, हा प्रश्न सतत उभा राही. एखादी लढाई सोपी असली, तरी अशा दहा लढायांची बेरीज सोपी नसे. पुढील अनेक खेळांनी औषधे स्वस्त केली आणि वाटेत शक्ती भरून देणारी ठिकाणे ठेवली. त्यामुळे परत फिरण्याचा प्रश्न मिटला, पण तो ज्यांच्यामुळे निर्माण होत होता त्या लढाया मात्र तशाच राहिल्या. कंटाळ्याचे मूळ लढायांच्या संख्येपेक्षा येथे अधिक आहे. ज्या लढाईत काही ठरवावेच लागत नाही, ती लढाई म्हणजे ‘हल्ला’ हे बटण दाबत राहण्याचे काम होय.

वेळेचा हिशेबही लहान नाही. समजा, सरासरी २० पावलांना एक चकमक होते आणि गुहा ३०० पावलांची आहे. एका लढाईला ४० सेकंद लागली, तर १५ लढायांत १० मिनिटे जातात. त्यातील बराच भाग दृश्यबदल, चालींची चित्रे आणि विजयाचे संगीत यांचा असतो. वाट चुकून मागे वळावे लागल्यास ही मिनिटे पुन्हा मोजावी लागतात. परिणामी खेळाडू आडवाटा धुंडाळणे सोडून देतो. दर थोड्या पावलांनी खंड पडल्याने कथेचा धागा आणि नकाशाची आठवण, दोन्ही निसटतात. पोकेमॉनच्या (१९९६) गुहांमध्ये पुन्हापुन्हा आडवा येणारा झुबॅट हे याचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

याच्याशी जोडलेला प्रकार म्हणजे ग्राइंडिंग. पुढचा बलाढ्य शत्रू जिंकता यावा म्हणून एकाच जागी घिरट्या घालून दुबळ्या शत्रूंना मारत अनुभवगुण साठवले जातात. मराठीतही तेच तेच करत राहण्याला दळण म्हणतात. सर्वांनाच ते नकोसे वाटते असे मात्र नाही. आपले पात्र हळूहळू सबळ होताना पाहणे काहींना सुखावह वाटते, आणि हातघाईच्या खेळात मागे पडणाऱ्या खेळाडूलाही चिकाटीने शेवट गाठता येतो. ड्रॅगन क्वेस्टमध्ये हरल्यावर अर्धे सोने जाते, पण मिळवलेले अनुभवगुण कायम राहतात, ही सवलत याच खेळाडूच्या बाजूची आहे.

रचनेतील बदल

ड्रॅगन क्वेस्ट ४ (१९९०) मध्ये साथीदार दिलेल्या धोरणानुसार स्वतःच लढतात. पोकेमॉनमधील रिपेल हे औषध ठरावीक पावलांपर्यंत दुबळे पोकेमॉन दूर ठेवते. मदर २ (१९९४) मध्ये शत्रू नकाशावरच दिसतात. खेळाडू पुरेसा बलवान झाला की दुबळे शत्रू पळ काढतात, आणि गाठलेच तर लढाईचा पडदा न उघडता विजय मिळतो. निकाल आधीच ठरलेला असेल तर लढाई दाखवूच नये, इतका सरळ विचार त्यामागे आहे, तरीही तो फार थोड्या खेळांनी उचलला. क्रोनो ट्रिगरमध्ये (१९९५) शत्रू बहुधा चालत्या दृश्यातच दिसतात आणि लढाईही तिथेच होते.

फायनल फॅन्टसी ८ (१९९९) मध्ये चकमकी पूर्ण बंद करणारी क्षमता मिळवता येते. तेथे शत्रूंची पातळी खेळाडूंच्या पातळीनुसार वाढत असल्याने लढाया टाळल्याचा तोटा कमी होतो. इतरत्र हे जमणे कठीण असते, कारण चकमकी टाळणारा खेळाडू प्रकरणाच्या शेवटच्या शत्रूपुढे दुबळा ठरतो. म्हणूनच फायनल फॅन्टसीच्या पहिल्या सहा भागांच्या, २०२३ मध्ये कन्सोलवर आलेल्या पिक्सेल रीमास्टर आवृत्त्यांत चकमकी बंद करण्याच्या सोयीसोबत अनुभवगुण चौपटीपर्यंत वाढवण्याची सोयही दिलेली आहे.