ट्राउट नसलेला ट्राउट

उन्हाळ्यात नैनितालकडे जाणाऱ्या मंडळींच्या कानांवर रामगंगेच्या खोऱ्यात ‘इंडियन ट्राउट’ हे नाव पडण्याचा संभव असतो. नाव रुबाबदार खरे. पण हा मासा ट्राउट नव्हे. रोहू, कटला आणि महसीर यांच्याशी त्याची भाऊबंदकी आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील १८२२ च्या ग्रंथात त्याची नोंद ‘बोला’ अशी केली, आणि शास्त्रीय नावात आजही तोच शब्द टिकून आहे.

फसगत होण्यास कारणही तसेच आहे. अंग सडपातळ, रुपेरी. कुशीवर निळसर ठिपक्यांच्या ओळी. जबडा डोळ्याच्याही मागे फाकलेला. गळाला लागला की वीतभर मासासुद्धा पाण्याबाहेर उसळ्या घेतो. तथापि त्याची पाठ निरखावी. खऱ्या ट्राउटच्या पाठीवरील मोठा पर आणि शेपटी यांच्या दरम्यान काटे नसलेला एक छोटा मांसल पर असतो. बोलाला तो मुळीच नसतो. ट्राउटच्या जबड्यात दात असतात, बोलाचे दात घशात. महसीरच्या पिल्लाशीही त्याची गल्लत होऊ नये. महसीरचे खवले मोठे असतात व तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. बोलाचे खवले बारीक, एका कुशीच्या मधल्या रेषेवर सुमारे ९० भरतील एवढे.

स्थळ ही दुसरी खूण. ट्राउट हा परदेशातून आणलेला मासा. काश्मीर-हिमाचलातील ओढ्यांसारख्या बर्फगार पाण्यात तो रमतो. बोला मात्र गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत, डोंगर सोडून नदी सपाटीकडे वळते तेथे आढळतो. स्वच्छ, खळाळते पाणी आणि तळाशी गोटे हे त्याचे घर. किडे व लहान मासे हा त्याचा आहार; म्हणूनच चमचमत्या छोट्या आमिषावर तो झडप घालतो.

परंतु नेमके हेच गोटे आणि हीच वाळू बांधकामासाठी ट्रकांनी उपसली जाते. तळ खरवडला की पाणी गढूळते, गोट्यांखालचे किडे नाहीसे होतात. परदेशी ट्राउटसाठी सरकारी संवर्धन केंद्रे आहेत. या देशी माशाची सारी भिस्त नदीच्या तळावर. चुकीच्या नावाचा तोटा इथे होतो. ट्राउट म्हटला की तो केंद्रात वाढवून पुन्हा सोडता येईल, असा समज सहज होतो.

गळाला लागलेला बोला ओळखायचा असेल तर हात आधी ओले करावेत. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. पाठ पाहावी, खवले पाहावेत आणि प्रवाहाच्या उलट दिशेने तोंड करून त्याला सोडून द्यावे.