नेरूळला छापलेली संगणकाची बखर

सायन-पनवेल रस्त्यालगत, नवी मुंबईतल्या नेरूळच्या सेक्टर ७ मध्ये इन्फोमीडियाचा छापखाना होता. 'ओव्हरड्राइव्ह', 'बेटर फोटोग्राफी' आणि संगणकाला वाहिलेलं 'चिप' ही या कंपनीची मासिकं. 'चिप' हा मूळ जर्मन मासिकाचा भारतीय अवतार. त्याचा प्रतिस्पर्धी 'डिजिट' २००१ मध्ये मुंबईतून निघाला आणि खास गेमिंगसाठी त्याने 'स्कोअर' काढलं.

अंक हातात पडला की मुलं आधी सोबतची सीडी काढायची. त्यात गेमचे डेमो, फुकट सॉफ्टवेअर, ड्रायव्हर असा ऐवज असायचा. ५६ केबीपीएसच्या डायल-अपवर ६५० एमबी उतरवायला, वेग कुठेही न अडखळता, चोवीस तासांहून जास्त लागले असते. तेही फोन अडवून आणि बिल वाढवून. त्यामुळे मासिक हेच घरचं डाउनलोड होतं.

मासिकातून प्रोग्रॅम मिळवायची ही रीत आधीच्या पिढीची. १९८२ साली ब्रिटनमध्ये आलेला सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक टीव्हीला जोडायचा आणि गेम कॅसेटवरून टेपरेकॉर्डरने चढवायचा. मासिकांत बेसिक या संगणक-भाषेतले प्रोग्रॅम छापून येत. वाचकाने ते ओळीओळीने टाइप करायचे, एक स्वल्पविराम चुकला तरी शोधत बसायचं. त्या शोधातच कित्येकजण प्रोग्रॅमिंग शिकले. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकला, तर सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून १९८४-८५ पासून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक पोचले. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमची नक्कल-यंत्रं आणि त्यांची पिवळी-काळी कार्ट्रिजं घरोघर आली. सेगाचा मेगा ड्राइव्ह हा गेम-कन्सोल शॉ वॉलेस कंपनीने १९९५ मध्ये आणला, पण १८,००० रुपयांना. त्या काळी ही किंमत मध्यमवर्गाला कशी झेपणार?

आज जुन्या संगणकांवर लेख निघतात तेव्हा त्यात बहुधा कमोडोर, अटारी, स्पेक्ट्रम यांच्या ब्रिटिश-अमेरिकन आठवणी असतात. त्याचं कारण सरळ आहे. 'क्रॅश', 'युवर सिंक्लेअर' यांसारख्या मासिकांचे अंक तिकडच्या हौशी मंडळींनी पानोपान स्कॅन करून ठेवले, म्हणून २००४ मध्ये सुरू झालेल्या 'रेट्रो गेमर'सारख्या मासिकाला आधार मिळाला. डीबी स्पेक्ट्रम प्लसबद्दल मात्र हाती लागतात ते मोजके परिच्छेद. आपल्याकडे कोण काय विकत घेत होतं, काय भावाने, दुरुस्तीला कुठे जात होतं, हे आपल्या मासिकांतल्या जाहिरातींत आणि वाचकांच्या पत्रांत आहे. लेखांपेक्षा ती पानं मोलाची ठरतील, आणि रद्दीत पहिली जातात तीच.

इन्फोमीडियाचा छापखाना पुढे बंद पडला. सीडीही अमर नाही. तिचा चकाकता थर हवा आणि ओल लागून खराब होतो, आणि आपल्या किनारपट्टीच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. वाशी, नेरूळ, बेलापूरच्या माळ्यांवर जुन्या अंकांचे गठ्ठे अजून असतील. ते रद्दीवाल्याला देण्याआधी सीडी संगणकावर उतरवून घ्या, जाहिरातींसकट अंक स्कॅन करा आणि जवळच्या ग्रंथालयाला विचारा.