चेल्यांमुळे गाजलेला बँड

डायमंड हेड : इंग्लंडमधल्या स्टोअरब्रिजचा, १९७६ चा हेवी मेटल बँड. मोठी कंपनी दारात उभी करेना, म्हणून १९८० चा पहिला अल्बम पोरांनी स्वतःच काढला. कोरं पांढरं पाकीट, वर नाव नाही, फक्त बँडमधल्या एकाची सही, विक्री टपालाने. जुन्या रेकॉर्डी जमवणारे आज त्या प्रतींसाठी जीव टाकतात.

सतरा वर्षांचा लार्स उलरिख तर १९८१ मध्ये अमेरिकेहून त्यांना ऐकायला आला आणि चक्क त्यांच्याच घरी मुक्काम ठोकला! त्याच वर्षी त्याने मेटॅलिका हा बँड उभा केला. मेटॅलिकाने १९८४ मध्ये गायलेलं ‘ॲम आय ईव्हिल?’ अनेकांना त्यांचंच वाटतं. ते डायमंड हेडचं. मूळ जरूर ऐका. डायमंड हेडच्या ब्रायन टॅटलरची गिटार तिथे जास्त अंगावर येते.